सोळावं वळण

माझा मामा रस्त्यांचा इंजिनिअर. नोकरीची बहुतेक वर्षं सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर गेली, त्यामुळे वळण दिसलं की त्याची नजर आधी कठड्याकडे जाते. मी फिजिओथेरपिस्ट. कबड्डी, कुस्ती, खो-खो खेळणारी मुलंमुली माझ्याकडे दुखणी घेऊन येतात, आणि माझी नजर आधी माणसाकडे जाते. बर्फाच्या पन्हळीतून ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने घसरत जाण्याचे तीन खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहेत : ल्यूज, स्केलेटन आणि बॉबस्ले. त्यांतल्या अपघातांवरून आमच्यात वाद पेटला आणि बरेच दिवस चालला. अपघातातून जो वाचतो, त्याच्या वाचण्याचं श्रेय कुणाचं, हा वादाचा मुद्दा. मामाचं बोलणं मी होता होईल तो त्याच्याच शब्दांत ठेवलं आहे. त्यातलं सगळं मला पटलेलं नाही. जे पटलं त्याने मात्र माझी झोप उडवली.

मी : हे बघ मामा. २०१४, सोची ऑलिंपिकची सराव फेरी. हा आपला शिवा केशवन. ल्यूजमध्ये पाठीवर झोपायचं, पाय पुढे, डोकं मागे. स्लेडला ब्रेक नाही. इथे तोल गेला बघ, स्लेडवरून निसटून तो बर्फावर आला. पण हात सुटला नाही. आता बघ, स्वतःला ओढून परत स्लेडवर घेतलं, आडवा झाला आणि फेरी पुढे चालू.

मामा : परत लाव.

मी : आवडलं ना?

मामा : मी भिंत बघतोय. सलग आहे. कुठे कोपरा नाही, सांधा नाही, बाहेर आलेलं काही नाही. तो पडला तेव्हा घसरत राहण्याखेरीज त्याला दुसरं काही होण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

मी : म्हणजे श्रेय भिंतीला?

मामा : परत चढला याचं श्रेय त्याला. चढण्यासाठी जिवंत राहिला याचं श्रेय भिंतीला. ही दोन वेगळी श्रेयं आहेत आणि लोक पहिल्याच्या टाळ्या वाजवताना दुसरं विसरतात.

मी : लोकांना दुसरं दिसत नाही, कारण पहिलं दुर्मीळ आहे. भिंत सगळ्यांसाठी तीच होती. मनालीजवळच्या वशिष्ठ गावात वाढलेला मुलगा, वडील केरळचे, आई इटालियन. १९९८ मध्ये नागानोला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. तिथपासून २०१८च्या प्याँगचांगपर्यंत सलग सहा ऑलिंपिक. भारतात या खेळाचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक नाही, म्हणून स्लेडला चाकं लावून तो हिमालयातल्या रस्त्यांवर सराव करायचा, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांमधून. सोचीत उतरला तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेवर बंदी होती, त्यामुळे तो स्वतंत्र खेळाडू म्हणून खेळला. बंदी उठली ती त्याची शर्यत होऊन गेल्यावर. असा माणूस स्लेड सोडत नाही, याचा त्या सगळ्या वर्षांशी काही संबंध नाही म्हणतोस?

मामा : संबंध आहे. पण अगं, चाकांवर? वाहत्या रस्त्यावर? डोंगरातल्या रस्त्याला एका बाजूला दरी असते आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला रस्त्यावर कुणीतरी आडवं झोपून येईल याची कल्पनाही नसते. तू मला धाडस म्हणून जे सांगते आहेस, ते मला सोय नसल्यामुळे एका पोरावर आलेली वेळ म्हणून ऐकू येतंय. त्याचा गौरव जरूर करावा. पण सोय का नव्हती, हा प्रश्न गौरवाखाली झाकला जाऊ नये.

मी : तो झाकावा असं मी म्हणत नाही. पण वेळ आली म्हणून सगळेच सहा ऑलिंपिक खेळत नाहीत. अनेकांवर तीच वेळ येते आणि ते सोडून देतात. त्यात काही गैर नाही. मात्र जो सोडत नाही, त्याच्या स्नायूंमध्ये आणि डोक्यात काहीतरी घडलेलं असतं, आणि ते घडवलेलं असतं त्याने स्वतः.

मामाने यावर कागद ओढला आणि आकडे मांडले. ते मी इथे देते, कारण या खेळांवरच्या लेखांत वेगाचा आकडा छातीठोकपणे येतो आणि त्याचा अर्थ काय ते कुणी सांगत नाही.

मामा : ताशी १४४ किलोमीटर धर. म्हणजे सेकंदाला ४० मीटर. एवढा वेग यायला माणसाला सुमारे ८१ मीटर उंचीवरून पडावं लागेल. पंचवीस मजल्यांच्या वरून. आता हाच माणूस स्लेडवरून पडला आणि बर्फावर २०० मीटर घसरून थांबला, तर त्याच्या शरीरावर आलेला ताण गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहूनही कमी. कातडी सोलेल, कपडे फाटतील, पण तो उठेल. तोच माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर गुरुत्वाकर्षणाच्या दीडशेपटींहून जास्त. माणूस तोच, वेग तोच, चूकही तीच. फरक फक्त समोर काय आहे याचा.

मी : आणि वळणात? तिथे तर न पडताही शरीरावर चार-पाचपट भार येतो.

मामा : आमच्या घाटरस्त्याची बाहेरची कड जास्तीत जास्त दहा टक्के उचलता येते, त्याहून जास्त इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत बसत नाही. इथे भिंत जवळजवळ उभी. वेगच एवढा की तेवढी उभी केल्याशिवाय स्लेड वळणारच नाही. पण मग त्या भिंतीतून बाहेर पडण्याची जागा, जिथे वळण संपतं आणि सरळ सुरू होतं, ती सगळ्यात धोक्याची. एक क्षण लवकर किंवा उशिरा सुटलं की माणूस समोरच्या भिंतीवर. घाटात गाडी दरीत जाते ती बहुधा वळणाच्या मध्यावर जात नाही. वळण संपताना जाते, ड्रायव्हरला सुटलो असं वाटतं तिथे.

मग मी त्याला व्हिसलरबद्दल सांगितलं. पुढचा सगळा वाद त्याच ट्रॅकभोवती फिरला.

कॅनडातल्या व्हिसलरचा ट्रॅक २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी बांधला. लांबी सुमारे १४५० मीटर, सोळा वळणं, वरून खालपर्यंतचा उतार १५२ मीटर. जगातला सर्वांत वेगवान ट्रॅक म्हणून त्याचा गाजावाजा झाला. आराखड्यात ल्यूजसाठी ताशी १४०च्याही आतला वेग धरला होता. प्रत्यक्षात १५४च्या आसपास वेग नोंदले गेले. अमेरिकेचा बॉबस्ले चालक स्टीव्हन होल्कम्बने तेराव्या वळणाचं नाव फिफ्टी-फिफ्टी पाडलं, कारण तिथून सरळ बाहेर पडण्याची शक्यता त्याला तेवढीच वाटली. १२ फेब्रुवारी २०१० रोजी, उद्घाटन सोहळ्याला काही तास उरले असताना, जॉर्जियाचा २१ वर्षांचा नोदार कुमारितश्विली सराव फेरीत पंधराव्या वळणातून उशिरा बाहेर आला. सोळाव्यात त्याचा ताबा सुटला. स्लेड आतल्या भिंतीवर आदळली, तो उडून भिंतीपलीकडे गेला आणि छताला आधार देणाऱ्या पोलादी खांबावर आपटला. खांबाला कसलंही आवरण नव्हतं. त्या वेळी त्याचा वेग ताशी १४० किलोमीटरहून जास्त होता.

मामा : चौकशीत काय म्हणाले?

मी : पहिल्या निवेदनात आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघ आणि आयोजक म्हणाले की ट्रॅकमध्ये दोष आढळला नाही. खेळाडू पंधराव्या वळणातून उशिरा आला आणि सोळाव्यात शिरताना त्याने योग्य दुरुस्ती केली नाही.

मामा : आणि ट्रॅक तसाच ठेवला?

मी : नाही. त्या वळणाच्या शेवटी भिंत उंच केली. बर्फाचा आकार बदलला. पुरुषांची सुरुवात महिलांच्या जागेवरून, महिलांची त्याहून खालून. दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू झाली.

मामा : एका रात्रीत?

मी : एका रात्रीत.

मामा : मग मला एवढंच सांग. जी भिंत एका रात्रीत उंच करता आली, ती आदल्या रात्री का करता आली नाही? पंचनाम्यात 'चालकाचा ताबा सुटला' हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा वाचलं आहे की मला त्याचा राग येतो. ताबा सुटणारच. माणूस आहे. ताबा सुटेल हे गृहीत धरूनच कठडा बांधायचा असतो. ताबा कधीच सुटणार नसेल तर कठडा हवाच कशाला? आणि वेगाचं गणित ऐक. वेग दहा टक्क्यांनी वाढला की ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. आराखड्यापेक्षा वेग जास्त येतोय हे पहिल्या चाचण्यांत कळलं असेल. त्या दिवशी प्रत्येक भिंतीची उंची नव्याने काढायला हवी होती.

मी : कळलं होतं. ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीच महासंघाने वेगाबद्दल लेखी काळजी व्यक्त केली होती आणि ती आयोजकांपर्यंत पोहोचली होती. हे पुढे बातम्यांतून बाहेर आलं. आणखी एक गोष्ट. यजमान कॅनडाच्या खेळाडूंना तिथे सरावाच्या कितीतरी जास्त फेऱ्या मिळाल्या होत्या. बाहेरच्यांची तशी तक्रार होती. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, अपघाती मृत्यू म्हणूनच निर्णय दिला, पण कारणांमध्ये प्रचंड वेग, ट्रॅकची अवघड रचना आणि खेळाडूला त्या ट्रॅकची पुरेशी सवय नसणं, ही तिन्ही एकत्र मांडली. जॉर्जियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साकाश्विली यांनी तर त्याच वेळी सांगितलं होतं की खेळातल्या चुकीची परिणती मृत्यूत होता कामा नये.

मामा : ते माझंच म्हणणं आहे.

मी : माझंही आहे, मामा. इथे मी तुझ्याशी भांडत नाही. नोदार जॉर्जियातल्या बाकुरियानीचा, घरात ल्यूज आधीपासूनच, काका फेलिक्स प्रशिक्षक. तो अनाडी म्हणून गेला असं म्हणणाऱ्यांचा मलाही संताप येतो. पण तू आता या एका मृत्यूवरून सगळ्या जिवंत राहिलेल्यांकडे बघतो आहेस. त्याच ट्रॅकवर, त्याच आठवड्यात केशवन उतरला आणि एकोणतिसावा आला. होल्कम्बने ज्या ट्रॅकच्या वळणाला ते नाव दिलं, त्याच ट्रॅकवर त्याने चौघांच्या बॉबस्लेचं सुवर्ण जिंकलं, अमेरिकेला बासष्ट वर्षांनी. त्यांनी सोळावं वळण बघितलं होतं. तिथे काय घडलं ते त्यांना माहीत होतं. आणि ते वर गेले, स्लेडवर बसले, निघाले. याला तुझ्या गणितात जागा कुठे आहे?

मामा : नाही जागा. माझ्या गणितात फक्त जे वर गेले त्यांना खाली जिवंत पोहोचवण्याला जागा आहे.

मी : इथेच तुझं अपुरं पडतं. पडणं हीसुद्धा शिकलेली गोष्ट असते. बॉबस्ले उलटली की माणूस आतच राहतो, डोकं आत ओढतो, कारण हेल्मेट बर्फावर घासत असतं. खांद्यावर बर्फाचे चटके बसतात, घर्षणाने कातडी अक्षरशः भाजते. त्यासाठी कपड्यांच्या आत जाड संरक्षक बनियन घालतात. ल्यूजमध्ये थांबायचं तर उठून बसायचं, पाय बर्फावर रोवायचे आणि स्लेडच्या पट्ट्या वर ओढायच्या. ब्रेक म्हणून तेवढंच. वळवायचं ते पोटऱ्यांच्या दाबाने आणि खांद्याने. हे सगळं शरीरात इतकं मुरलेलं असतं की विचार करायला वेळ नसतानाही ते घडतं. १९८८ मध्ये कॅलगरीत जमैकाच्या चौघांची बॉबस्ले उलटली, डोकी बर्फावर घासत गेली. त्यांच्यावरच्या चित्रपटात ते स्लेड खांद्यावर घेऊन शेवटच्या रेषेपर्यंत येतात. प्रत्यक्षात ते तिच्या बाजूने चालत आले. मला चालत येणंच जास्त मोठं वाटतं. उष्ण देशातली माणसं, ज्यांनी हा खेळ नुकता शिकला होता, ती आत राहिली, आणि मग स्वतःच्या पायांवर बाहेर आली.

मामा : चित्रपटवाल्यांना चालणं का पुरलं नाही, याचा विचार कर. वाचलेल्या माणसाकडून आपल्याला नेहमी जास्त हवं असतं. नुसता वाचला तर पुरत नाही. त्याने हात हलवायला हवा, हसायला हवं, पुढच्या वर्षी परत यायला हवं.

हे त्याचं वाक्य मला लागलं, कारण एमिली स्वीनीची गोष्ट मी त्याला अगदी तशीच सांगणार होते. सांगितली, पण वेगळ्या क्रमाने.

मी : प्याँगचांग, १३ फेब्रुवारी २०१८. महिलांच्या ल्यूजची शेवटची फेरी. त्या ट्रॅकवर नववं वळण बदनाम होतं; तिथल्याच एका चुकीमुळे जर्मनीच्या फेलिक्स लोखचं सुवर्ण हातचं गेलं. अमेरिकेच्या एमिलीचा तोल नवव्यानंतर बिघडत गेला. ती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत गेली आणि शेवटी स्लेडपासून सुटली. प्रेक्षकांत तिच्या घरचे होते. काही वेळाने ती उठली आणि आधार घेत चालत बाहेर गेली. आपण बरी आहोत असं म्हणाली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नंतर कळलं की मानेची आणि पाठीची हाडं मोडली होती.

मामा : चालत गेली? मोडलेल्या मानेने?

मी : हो. माझ्या कामात याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. उठून चालला म्हणजे बरा, असं मैदानावरच्या प्रत्येकाला वाटतं, खेळाडूलाही. अपघातानंतर शरीर स्वतःचं दुखणं काही काळ लपवतं. पुढच्याच वर्षी, २०१९च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, विंटरबर्गला, तिने कांस्य जिंकलं. ही गोष्ट मी माझ्याकडच्या मुलींना सांगते.

मामा : कुठला भाग सांगतेस? कांस्याचा की मानेचा?

मी : आजपर्यंत कांस्याचा.

मामा : बघ.

मी : पण तो भाग खोटा नाही, मामा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवणाऱ्या मुलीला मी हाडांच्या भेगांबद्दल सांगू का? तिला आधीच सगळं दुखतंय. तिला हवं असतं कुणीतरी पलीकडे पोहोचलं याचा पुरावा. अमेरिकेची नोएल पायकस-पेस घे. २००५ मध्ये कॅलगरीला ती ट्रॅकच्या शेवटाजवळ असताना एक बॉबस्ले न थांबता आली आणि तिच्यावर आदळली. पायाचं हाड फुटून बाहेर आलं. पुढच्या वर्षीचं ऑलिंपिक गेलं. २००७ मध्ये ती स्केलेटनची जगज्जेती झाली, २०१४ मध्ये सोचीत रौप्य. स्केलेटनमध्ये पोटावर झोपून डोकं पुढे करून जायचं असतं. एका स्लेडने पाय मोडल्यावर दुसऱ्या स्लेडवर डोकं पुढे करून झोपणं, हे कुणी बांधून दिलेल्या भिंतीने होत नाही.

मामा : मान्य. अगदी मान्य. पण तिच्या बाबतीत चूक कुणाची होती? ती तर खेळतही नव्हती. तिच्या धैर्याची गोष्ट सांगताना ती स्लेड का थांबली नाही, हे कुणी विचारलं का? स्लेड थांबवण्याची जागा आणि माणसं असण्याची जागा जवळ का होती?

आल्टेनबर्गचा अपघात त्याला सांगितला तेव्हा त्याने लगेच हात वर केला, मला पुढे बोलूच दिलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या या ट्रॅकवर स्वित्झर्लंडच्या चौघांची बॉबस्ले सरावात उलटली. मागे बसणारा सँड्रो मिशेल बाहेर फेकला गेला आणि ट्रॅकमध्येच बेशुद्ध पडला. स्लेड पुढे गेली, आणि मग मागे घसरत येऊन त्याच्यावर आदळली. छाती, कंबर, खुबा, सगळीकडे गंभीर जखमा झाल्या. पुढच्या हंगामात तो पुन्हा स्लेडवर होता.

मामा : थांब. स्लेड मागे का आली ते मी सांगतो. शेवटी चढ असतो, वेग मारायला. चढाने थांबवलेली वस्तू चढ परतही पाठवतो. रिकामी स्लेड निदान दोनशे किलोची. पहिला अपघात थांबवायला जो चढ बांधला, त्यानेच दुसरा घडवला. सोचीच्या ट्रॅकमध्ये मधेच चढ दिले आहेत म्हणालीस ना, व्हिसलरनंतर वेग आटोक्यात ठेवायला?

मी : हो. मुद्दाम.

मामा : तेव्हा त्यांनी चांगलं काम केलं. केशवन परत चढला तो त्याच ट्रॅकवर, हे विसरू नकोस. पण प्रत्येक उपायाबरोबर नवा प्रश्न येतो आणि तो आधी कागदावर सोडवायचा असतो, माणसावर नाही.

इथपर्यंत आम्ही हाडांबद्दल बोलत होतो. मेंदूचा विषय मी काढला. मामाला त्याची काहीच कल्पना नव्हती आणि न सांगता वाद जिंकणं मला बरोबर वाटेना, कारण हा विषय माझ्या बाजूच्या विरुद्ध जातो.

मी : या खेळाडूंमध्ये एक शब्द आहे, स्लेडहेड. धावा झाल्यावर डोकं दुखणं, विचारात धुकं भरल्यासारखं होणं, उजेड सहन न होणं. अपघात व्हायलाच हवा असं नाही. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. वळणात पाचपट झालं की मानेवर पंचवीस किलोच्या आसपास, वर हेल्मेट. आणि बर्फाची बारीक थरथर सतत. स्केलेटनमध्ये हनुवटी बर्फापासून काही बोटांवर असते आणि मोठ्या वळणात ती घासतेही. दिवसाला काही फेऱ्या, वर्षानुवर्षं. अमेरिकेच्या बॉबस्ले संघातला पावले योवानोविच २००६च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये होता. २०२० मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. नंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली. वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू झिजत जाण्याचा जो आजार मुष्टियोद्ध्यांत आणि अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंत आढळतो, तोच निघाला.

मामा बराच वेळ काही बोलला नाही.

मामा : म्हणजे ज्याला आपण वाचला म्हणतो, तो कदाचित अजून वाचलेला नसतो.

मी : काही जण. सगळे नाही. एकाच्या आजारावरून सगळ्यांचं भविष्य सांगता येत नाही आणि मी सांगणार नाही. माणूस आयुष्य संपवतो त्यामागे एकच कारणही नसतं. पण धोका आहे, आणि तो ट्रॅकच्या भिंतीने अडत नाही. तुझा कठडा माणसाला दरीत पडू देत नाही, मात्र कवटीच्या आत मेंदू आदळतो तिथे कठडा नाही.

मामा : मग तूच सांग, तुझी बाजू कुठे उरली? परत येण्याचं कौतुक तू कशाच्या जोरावर करतेस?

मी : निर्णय त्यांचा आहे, या जोरावर. सज्ञान माणसाला स्वतःच्या शरीराचं काय करायचं ते ठरवू द्यावं.

मामा : ठरवतं कोण? ज्या मेंदूला मार बसला आहे, तोच ना? मला बरं वाटतंय हे सांगणारा अवयव आणि बिघडलेला अवयव एकच आहे. पुलाला तडा गेला का हे पुलालाच विचारून कसं चालेल?

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नव्हतं आणि आजही नाही. जे आहे ते एवढंच. डोक्याला मार बसलेल्या कबड्डीपटूला मी विचारते तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच ठीक वाटत असतं. म्हणून मी त्याला एका पायावर उभा करते, महिने उलटे म्हणायला लावते, डोळे बोटामागे फिरवायला लावते, आणि ते जमलं नाही की तो कितीही चिडला तरी बसवते. तो चिडतो तेव्हा तो माझ्यावर चिडलेला असतो, आणि ते मी चालवून घेते. पण बसवण्याचा अधिकार मला आहे म्हणून हे शक्य होतं. जिथे बाजूला संघाचा माणूस घड्याळ बघत उभा असतो, तिथे तो अधिकार किती टिकतो, हे मी जाणते.

मामा : मग माझ्या भिंतीसारखीच तुझी एक भिंत हवी. खेळाडूच्या इच्छेच्या बाहेर उभी असलेली.

मी : हवी. पण ती माणसाला ओळखणारी हवी. तुझी भिंत सगळ्यांना सारखी. माझ्या भिंतीला माहीत पाहिजे की ही मुलगी दुखणं लपवते, हा मुलगा वाढवून सांगतो, आणि या तिसऱ्याला आज घरच्या काळजीने झोप लागलेली नाही.

मामा : आणि तिच्यावर कुणाचा दबाव नको.

मी : ते तर आलंच.

मग मी त्याला सबाबद्दल सांगितलं. सबा कुमारितश्विली, नोदारचा चुलतभाऊ. २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या ल्यूजमध्ये जॉर्जियाकडून उतरला. घरात जे घडलं त्यानंतर त्याने तोच खेळ निवडला. मला वाटलं होतं की मामा म्हणेल, त्याला कुणी अडवलं का नाही.

मामा : त्याला मी काही सांगणार नाही. तो माझ्यापेक्षा जास्त जाणतो. मी बाकीच्यांना विचारीन. नवख्या देशाच्या खेळाडूला त्या ट्रॅकवर यजमानांइतक्या फेऱ्या मिळाल्या का? वेग आराखड्याच्या वर गेला तेव्हा काम थांबवण्याची सही कुणाकडे होती? भिंतीपलीकडे काय उभं आहे, हे कुणी चालत जाऊन बघितलं का?

मी : आणि माझे दोन प्रश्न त्यात घाल. धाव झाल्यावर डोकं कोण तपासतं? आणि उद्याची धाव रद्द करण्याचा शब्द कुणाचा शेवटचा?

मामा : प्रशिक्षकाचा नको.

मी : प्रशिक्षकाचा का नको? त्या मुलाला सगळ्यात जवळून तोच ओळखतो. नोदारचा प्रशिक्षक त्याचा काका होता, मामा. त्याच्याहून जास्त काळजी कुणाला असणार होती?

मामा : म्हणूनच नको. काका असो की मामा, पोराने इतकी वर्षं घासलेली डोळ्यांनी बघितलेली असतात. नाही म्हणताना त्याचा आवाज फुटणार नाही. डॉक्टरचा शब्द ठेवा, आणि तो डॉक्टर संघाच्या पगारावर नको.

मी : संघाच्या पगारावर नसलेला डॉक्टर त्या मुलाला ओळखणार कसा?

मामा : त्याची सोय करा. पहिल्या हंगामापासून तोच डॉक्टर ठेवा, पगार दुसरीकडून द्या. एका रात्रीत भिंत वाढवता येते म्हणालीस ना? मग हे एका हंगामात करता येईल.